हातात माल नसताना विकणं: शॉर्ट सौदा आणि शेअर उसनवारीचा रोजचा हिशेब

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा रवे समोर मांडलेले असतात. घेणारा रंग बघतो, कण तपासतो, मग बोली लागते. शेअर बाजारात मात्र समोर काहीच नसताना विकता येतं. आधी विकायचं, मग घ्यायचं, मधला फरक आपला. हाच शॉर्ट, म्हणजे मंदीचा सौदा. शाहूपुरीत आमच्या टेबलावर येणारा प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो: "हा शेअर पडणार हे दिसतंय, विकून ठेवू का?" आम्ही उलट एकच विचारतो: माल द्यायची वेळ आली तर कुठून देणार?

त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. सामान्य गुंतवणूकदाराला मंदीचा सौदा करायला तीन रस्ते आहेत: त्याच दिवशी कव्हर होणारा इंट्राडे सौदा, फ्युचरची (पुढच्या तारखेच्या, पण भाव आजच ठरवलेल्या कराराची) विक्री, आणि शेअर उसने घेऊन केलेली विक्री. ऑप्शनचा विषय निराळा, तो इथे घेत नाही. तिन्ही रस्त्यांवर अपघात होतो तो डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर प्रत्यक्ष देण्याच्या वळणावर.

इंट्राडेचं आधी. ऑर्डर टाकताना 'इंट्राडे' किंवा 'एमआयएस' निवडून विकायचं आणि बाजार बंद व्हायच्या आत तेवढेच शेअर परत घ्यायचे. बाजार साडेतीनला बंद होतो, पण ब्रोकरची यंत्रणा सव्वातीन ते तीन पंचवीसच्या दरम्यान उघड्या पोझिशन आपणहून कापायला घेते आणि त्याचं वेगळं शुल्क लावते. म्हणून आमचा नियम तीन वाजताचा. तीननंतर भाव आपल्या बाजूला येईल म्हणून थांबणारा माणूस बाजाराशी कमी आणि घड्याळाशी जास्त भांडत असतो.

अडचण सुरू होते ती अप्पर सर्किटला, म्हणजे त्या दिवशी भाव जिथवर चढू शकतो त्या वरच्या मर्यादेला. समजा शेअरचा कालचा बंद भाव २४० आहे आणि सर्किट पाच टक्क्यांचं. २५० ला २०० शेअर विकले. दुपारी बातमी आली, भाव २५२ ला जाऊन कुलूप लागलं. आता स्क्रीनवर घेणारे हजारोंनी दिसतात आणि विकणाऱ्याचा रकाना शून्य. आपली खरेदीची ऑर्डर रांगेत शेवटी. ब्रोकरची कापणी यंत्रणाही इथे काही करू शकत नाही, कारण तिलाही विकणारा लागतोच. साडेतीन वाजले की इंट्राडे सौदा आपोआप डिलिव्हरीची विक्री होतो आणि २०० शेअर देण्याची जबाबदारी आपल्या नावावर चढते.

२७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरची सेटलमेंट टी प्लस वन झाली, म्हणजे दुसऱ्याच दिवशी माल द्यायचा. दिला नाही की एक्स्चेंज त्या शेअरचं ऑक्शन लावतं. ऑक्शनमध्ये कुणी विकणारा भेटला तर त्या भावाने हिशेब होतो. नाहीच भेटला तर क्लोज-आउट: सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनच्या दिवसापर्यंतचा सर्वात वरचा भाव, किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावावर वीस टक्के, यातला जो जास्त तो. वरच्या उदाहरणात दुसऱ्या दिवशीही पाच टक्क्यांचं सर्किट लागलं तर बंद भाव २६४.६०. त्यावर वीस टक्के धरले की ३१७.५२. विकले होते २५० ला. एका शेअरमागे ६७.५२, दोनशे शेअरवर १३,५०४ रुपये, वर दंड आणि शुल्क. सौदा पन्नास हजारांचा होता, त्याला मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) लागलं असेल दहा हजारांच्या आसपास. म्हणजे मार्जिन गेलंच, वर खिशातून आणखी.

यावर इलाज फार थोडे. घरात दुसऱ्या डीमॅटमध्ये तेच शेअर असतील तर ते वेळेत आपल्या खात्यात वळते करून पे-इन (एक्स्चेंजला माल देणं) भागवता येतं. ते नसेल तर ऑक्शनची वाट बघायची. म्हणून ठरीव सर्किट असलेल्या शेअरमध्ये इंट्राडे मंदी करूच नये. फ्युचर-ऑप्शनच्या यादीतल्या शेअरना असं कायमचं कुलूप नसतं. तिथली मर्यादा दहा टक्क्यांपासून सुरू होते आणि भाव दाबात राहिला तर ती सरकवली जाते. विकणारा मिळायची शक्यता तिथेच जास्त. ट्रेड-टू-ट्रेड गटातल्या शेअरमध्ये तर इंट्राडे चालतच नाही. त्यातली प्रत्येक विक्री डिलिव्हरीची.

न कळत झालेले शॉर्टही आम्ही बरेच बघतो. डीमॅटमध्ये शंभर शेअर पडून आहेत, ते विकायचे आहेत, पण घाईत 'डिलिव्हरी'ऐवजी 'इंट्राडे' दाबलं गेलं. यंत्रणा म्हणते ही नवी शॉर्ट पोझिशन. तीन वीसला ती परत खरेदी करून टाकते आणि संध्याकाळी होल्डिंग जसंच्या तसं, वर नफा-तोट्याची अनोळखी ओळ. दुसरा प्रकार म्हणजे काल घेतलेले शेअर आज खात्यात येण्याआधी विकणं. ज्याने आपल्याला विकले त्यानेच माल दिला नसेल, तर आपलीही विक्री उघडी पडते. आपण मंदीवाले नव्हतोच, पण ऑक्शन ते विचारत नाही.

आता फ्युचर. मंदी एका दिवसाहून लांब ठेवायची असेल तर बहुतेक लोक हाच रस्ता धरतात. भाव ४०० आणि लॉट (एका करारातले शेअर) १,५०० चा असेल तर सौदा सहा लाखांचा, मार्जिन त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आगेमागे, आणि रोजच्या बंद भावाने नफा-तोटा खात्यात जमा किंवा वजा. इथं दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली: ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या शेअर-फ्युचरचा शेवट प्रत्यक्ष डिलिव्हरीने होतो. एक्सपायरीला, म्हणजे कराराच्या शेवटच्या दिवशी, शॉर्ट फ्युचर उघडं ठेवलं तर १,५०० शेअर द्यावे लागतात, नसतील तर परत तेच ऑक्शन. एनएसईवर एक्सपायरी आता महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते. आदल्या आठवड्यातच पोझिशन मिटवा किंवा पुढच्या महिन्यात सरकवा. दुसरी: त्या शेअरमधली एकूण उघडी पोझिशन बाजाराने ठरवलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर गेली की तो 'बॅन'मध्ये जातो. मग नवा सौदा बंद, फक्त असलेला कमी करता येतो. नेमकं सरकवायचं असतं तेव्हाच बॅन लागलेला असतो, हे नेहमीचं रडगाणं.

तिसरा रस्ता म्हणजे एसएलबी, शेअरची उसनवारी. याबद्दल गावात सगळ्यात कमी माहिती आहे आणि गैरसमज सगळ्यात जास्त. सेबीची उसनवारीची योजना १९९७ ची. मार्च २००१ मध्ये बाजार कोसळला तेव्हा शॉर्ट विक्रीवर बंदी आली, त्याच वर्षी जुलैत बदल्याची (सौदा पुढच्या हिशेबावर ढकलायची) पद्धतही बंद झाली. डिसेंबर २००७ मध्ये सेबीने नवी चौकट आणली आणि एप्रिल २००८ पासून एक्स्चेंजच्या पडद्यावर उसनवारी सुरू झाली. सुरुवातीला मुदत फक्त सात दिवसांची होती, त्यामुळे कुणी फिरकलं नाही. पुढे तीस दिवस आणि मग बारा महिन्यांपर्यंत वाढली. चौकटीचा गाभा सोपा आहे: कुणीही शॉर्ट करू शकतो, पण माल न देता सुटका नाही. सामान्य गुंतवणूकदाराने विक्री शॉर्ट आहे हे त्या दिवशीचा बाजार संपेपर्यंत ब्रोकरकडे सांगायचं असतं, मोठ्या संस्थांनी ऑर्डर टाकतानाच. आणि संस्थांना इंट्राडे करायची मुभाच नाही, ती फक्त आपल्यासारख्यांना.

आधी देणाऱ्याच्या बाजूने बघू, कारण कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेले, कधीच न विकायचे शेअर भरपूर घरांत आहेत. ते डीमॅटमध्ये पडून राहण्याऐवजी महिनाभर उसने देऊन फी मिळते.

पहिली पायरी ब्रोकर तपासण्याची. ब्रोकर या विभागाचा सदस्य असावा लागतो आणि सगळे नसतात. असला तरी मोबाइल ॲपवर बटण सापडेलच असं नाही. अनेक ठिकाणी वेगळा करार सही करून सेवा चालू करून घ्यावी लागते आणि ऑर्डर फोनवर किंवा मेलवर द्यावी लागते. काही ब्रोकर किमान रकमेची अट घालतात. मार्जिनसाठी तारण ठेवलेले शेअर देता येत नाहीत, आधी तारण सोडवून घ्या. फ्युचर-ऑप्शनच्या यादीतले शेअर इथे चालतात, शिवाय निकषात बसणारे आणखी काही शेअर आणि ईटीएफ. लॉट एका शेअरचा आहे.

ऑर्डरमध्ये चार गोष्टी सांगायच्या: शेअर, परतीचा महिना, संख्या, आणि एका शेअरमागे किती रुपये फी हवी. बारा महिन्यांच्या बारा मालिका असतात, पण खरी देवघेव जवळच्या एक-दोन महिन्यांतच. परतीचा दिवस त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो. नेमकी तारीख सौद्याच्या चिठ्ठीवर असते, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा. हा बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालू असतो. घेणारा कोण हे आपल्याला कधीच कळत नाही, मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभं असतं आणि दोघांनाही जबाबदार तेच.

फी किती मागायची? इथं अंदाज चालत नाही, फ्युचरकडे बघावं लागतं. शेअर ४०० ला आणि फ्युचर ३९६ ला चालू असेल, तर काही लोक शेअर उसना घेऊन ४०० ला विकतात, फ्युचर ३९६ ला घेतात आणि चार रुपयांचा फरक खिशात टाकतात. त्या चारातले दीड-दोन रुपये ते आपल्याला फी म्हणून देऊ शकतात. म्हणजे फ्युचर जितकं खाली, तितकी उसन्याला मागणी. फसगत इथं डिव्हिडंडची होते. एक्सपायरीआधी तीन रुपयांचा डिव्हिडंड येणार असेल तर ३९७ चं फ्युचर खालच्या भावात आहे असं दिसतं, पण तो तीनाचा फरक डिव्हिडंडचाच. तिथं मोठी फी मागून ऑर्डर तशीच पडून राहते. परतीची तारीख एक्सपायरीनंतर का ठेवली आहे तेही इथंच उलगडतं: फ्युचर घेणाऱ्याला एक्सपायरीला शेअर प्रत्यक्ष मिळतात आणि तेच तो पहिल्या आठवड्यात परत करतो.

आकडे मांडू. ४०० चे ५०० शेअर, दोन लाखांचा माल. पस्तीस दिवसांसाठी १.६० रुपये फी मिळाली: ८०० रुपये. ब्रोकरने फीच्या पंधरा टक्के घेतले, १२० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी २१.६०. हातात ६५८.४० रुपये. दोन लाखांवर पस्तीस दिवसांत ०.३३ टक्के, वर्षाच्या हिशेबाने साडेतीनाच्या थोडं खाली. अशी फी दर महिन्याला मिळते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका; बऱ्याच शेअरमध्ये घेणाराच नसतो. पण शेअर नाहीतरी विकायचेच नव्हते, त्यावर वर्षातून दोन-तीन वेळा मिळालं तरी ते वरकड आहे. फी पहिल्या देवाणघेवाणीच्या वेळीच मिळते, परतीपर्यंत थांबावं लागत नाही.

ऑर्डर लागली की शेअर दुसऱ्या दिवशी खात्यातून जातात. शक्यतो ते आधीच पे-इनला देऊन टाकावेत, म्हणजे देणाऱ्याचं मार्जिन अडकत नाही. द्यायला चुकलो तर दंड आपल्यावर. आणि घरात सांगून ठेवा. होल्डिंग उघडल्यावर पाचशे शेअर दिसत नाहीत म्हणून सकाळी सकाळी फोन येतो, तेव्हा "काका, शेअर चोरीला गेलेले नाहीत, पाच तारखेला परत येणार आहेत" हे समजवायला सौद्याची चिठ्ठीच दाखवावी लागते.

मुदतीत काय काय होतं? डिव्हिडंड निघाला तर तेवढी रक्कम घेणाऱ्याकडून वसूल होऊन आपल्याला मिळते. शेअरचं विभाजन झालं तर संख्या त्या प्रमाणात बदलते. बोनस, विलीनीकरण, ओपन ऑफर अशा गोष्टी आल्या तर करार आधीच मिटवतात, शेअर परत येतात आणि उरलेल्या दिवसांची फी आपल्याला प्रमाणात परत करावी लागते. मतदानाचा हक्क मात्र या काळात आपल्याकडे नसतो.

खरा धोका वेगळाच. मध्येच भाव कोसळला तर आपण विकू शकत नाही, माल दुसऱ्याकडे आहे. मुदतीआधी परत मागायची सोय आहे, पण तेव्हा दुसरा कुणी तेवढेच शेअर द्यायला तयार हवा आणि त्याची फी बाजारभावाने. घबराटीच्या दिवशी ती फी आपल्या आठशे रुपयांना गिळून वर मागते. म्हणून विकायचा जरासाही विचार असलेला शेअर उसना देऊ नये. घेणाऱ्याने परत केलाच नाही तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन बाजारातून घेऊन देतं. बाजारातही मिळाला नाही तर रोखीत हिशेब होतो. पैसे बुडत नाहीत, पण वीस वर्षांपूर्वीचा शेअर हातून जातो आणि बदल्यात पैसे येतात. आजोबांच्या आठवणीचा शेअर असेल तर हे आधी मनाशी पक्कं करा.

घेणाऱ्याचं गणित कडक आहे. शॉर्ट करायचं म्हणून उसने घेणाऱ्याला फी आधी भरावी लागते आणि मार्जिन शेअरच्या पूर्ण किमतीहून जास्त लागतं. भाव वर गेला की रोज भर घालावी लागते. फीवरचा अठरा टक्के जीएसटीही त्याच्याच माथी. तेच ५०० शेअर १.६० ने घेतले, खात्यात आल्यावर ४०० ला डिलिव्हरीत विकले आणि ३७० ला परत घेतले, तर वरवरचा नफा पंधरा हजार. त्यातून फी ८००, जीएसटी १४४, दोन्ही बाजूंचा ०.१ टक्का एसटीटी (शेअर सौद्यावरचा कर) ३८५, खरेदीचं मुद्रांक शुल्क २८ रुपयांच्या आत. राहिले साधारण १३,६४०, ब्रोकरेज आणि किरकोळ शुल्क आणखी वजा. मध्ये आठ रुपयांचा डिव्हिडंड निघाला तर चार हजार वेगळे द्यायचे. हे न धरता सौदा करणारे बरेच. डिव्हिडंडच्या तारखेला भावही साधारण तेवढाच खाली येतो हे खरं, पण हिशेबात दोन्ही ओळी लिहिलेल्या असाव्यात.

क्रम चुकवू नये: आधी उसने घ्या, शेअर डीमॅटमध्ये आलेले डोळ्यांनी बघा, मगच विका. आणि परतीच्या दिवशीच खरेदी करायला बसू नका. टी प्लस वनमुळे आदल्या दिवशीची खरेदी परतीच्या दिवशी हाती येते, आणि तिचा विक्रेताच चुकला तर आपण उघडे. दोन दिवस राखून घ्या. मुदत वाढवायची असेल तर रोलओव्हर होतो, पण पुढच्या महिन्याची फी तेव्हाच्या बाजाराची, आणि मागणी चढलेली असेल तर ती दुप्पट-तिप्पटही सापडते. लवकर परत करता येतं. उरलेल्या दिवसांची फी किती सुटेल ते मात्र तेव्हा पुढे उसने घेणारा कोण भेटतो त्यावर.

करात या तीन रस्त्यांच्या तीन पाट्या. इंट्राडे शेअर सौद्याचा नफा-तोटा सट्ट्याचा धंदा धरला जातो. त्याचा तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वळता होतो आणि पुढे चार वर्षं नेता येतो. फ्युचरचा तोटा सट्ट्याचा मानत नाहीत. उसने देणं म्हणजे विक्री नव्हे, म्हणून देणाऱ्याला भांडवली नफ्याचा कर लागत नाही, उसनवारीच्या देवाणघेवाणीवर एसटीटी नाही, आणि शेअर धरून ठेवल्याचा काळही तुटत नाही. फी मात्र उत्पन्नात दाखवावी लागते.

शेअर धरून ठेवल्याच्या काळाबाबत ॲप दगा देतं. शेअर परत आले की काही ॲपमध्ये त्यांची खरेदी किंमत कोरी दिसते किंवा परतीच्या दिवसाचा भाव पडतो, कारण यंत्रणेला ते नवे शेअर वाटतात. तसंच सोडलं तर पुढे विकताना नफ्याचा हिशेब चुकतो आणि जुना शेअर कागदावर नवा होऊन बसतो. शेअर परत आले की त्याच संध्याकाळी मूळ खरेदीची तारीख आणि भाव हाताने भरा, आणि जाताना व येताना मिळालेल्या दोन्ही चिठ्ठ्या एकाच पाकिटात ठेवा. विवरणपत्र भरताना सीए पहिल्यांदा त्याच मागतो.